या ना कधी घरी

११ मे, रविवार

कमलिनी पुण्याला जाऊन आठवडा झाला. शर्वरीच्या बाळाला सांभाळणारी बाई सुट्टीवर गेली, शर्वरीला ऑफिस, जावईबापूंना ऑफिस, तेव्हा आजीला बोलावणं. मी मागे राहिलो, कारण कूलरमध्ये पाणी कोण भरणार? या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. मी कुरकुर करायची आणि तिने ऐकून घ्यायची, अशी आमच्या घरात व्यवस्था होती. आता कुरकुर तशीच आहे आणि ऐकणारं कुणी नाही. म्हणून ही वही.

तक्रार पहिली, कोपऱ्यावरचं चर्च. उद्यापासून तिथे मुलांचं उन्हाळी शिबिर सुरू होतंय. त्यासाठी आज भर दुपारी कुणीतरी 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करत होता. बाहेर आगीसारखी लू वाहतेय, चिमण्यासुद्धा आडोशाला बसल्यात आणि हा एकटा हॅलो म्हणतोय.

तक्रार दुसरी, कमलिनी फोनवर धड उत्तर देत नाही. शर्वरीच्याच सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होतोय. जावईबापू केयूरने मालकाला जूनअखेरपर्यंत थोपवून धरलंय. माझा उभा जन्म सिंचाई विभागात 'बडे बाबू, बडे बाबू' ऐकण्यात गेला. उरलेली वर्षं आपल्या माणसांत काढावीत, भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करावी, चार मुलं मराठीत ओरडताना कानावर पडावीत, एवढीच इच्छा आहे. आमचे पूर्वज कारकुनीसाठी इकडे उत्तरेत लक्ष्मी गेटपाशी येऊन राहिले, तेव्हापासून कुणी परत गेलेलं नाही. आता मी जाणार. फ्लॅट बघून ये, असं कमलिनीला बजावलं होतं. आज विचारलं, बघितलास? म्हणाली, बघितला. कसा आहे? म्हणाली, बरा आहे. मग कळवू हो म्हणून? तर म्हणाली, "बघू." बघून झाल्यावर आणखी काय बघायचं असतं?

स्टेशनवरही तिचं तेच. वारा सुटला होता, डोळ्यांत धूळ गेली म्हणाली आणि गाडी हलेपर्यंत पदराने डोळे पुसत राहिली. चष्मा लाव म्हणून सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ.

१३ मे, मंगळवार

सकाळी सहाला ढोलक! उन्हाच्या आधी शिबिर उरकायचं म्हणून पोरं पहाटेच गोळा होतात आणि देवाचं नाव असं घेतात की देवही कूस बदलून झोपेल. काल सोडून दिलं. आज चपला घातल्या आणि गेलो.

फाटकातच मधुजी भेटल्या. या रिटायर झालेल्या नर्स, चर्चमधल्या सगळ्या कामांच्या सेनापती. मी तोंड उघडायच्या आत, "अरे भाईसाहब, आओ आओ, धूप में काए खड़े हो," म्हणून मला पंख्याखाली बसवलं आणि हातात बेलाच्या सरबताचा गिलास दिला. वर म्हणाल्या, "चीनी नहीं डाली है। आपको मना है न।"

मला साखर मना आहे हे या बाईंना कुणी सांगितलं? दूधवाला सांगत असणार. त्याचं तोंड बंद करायला हवं.

मग पास्टर लाल आले. माझी तक्रार त्यांनी हात जोडून ऐकली, "आप बिलकुल ठीक कहते हैं, जनार्दन जी," म्हणाले आणि माझ्यासमोर भोंग्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. भांडायला गेलेल्या माणसाचं सगळंच मान्य करणं हा शुद्ध अन्याय आहे. निघताना त्यांनी फाटकाबाहेरचं प्याऊ दाखवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी म्हणून मडकी मांडलीत, पण निम्मी उन्हात. एक कललेलं, एकाला झाकण नाही. मला बघवेना. सगळी निंबाच्या सावलीत सरकवली, खाली विटा लावल्या, ओगराळी साखळीने बांधायला सांगितली. पास्टर म्हणाले, "वाह! कल भी ज़रा देख लीजिएगा?"

मी उगाच हो म्हणालो.

१७ मे, शनिवार

डब्यांनी वात आणलाय. बुधवारी मधुजींनी लौकीचे कोफ्ते पाठवले. डबा रिकामा परत करायचा नाही, हा कमलिनीचा नियम. मला येतं ते पोहे, तेच भरून पाठवले. झालं! त्यांच्याकडेही हाच नियम निघाला. गुरुवारी पोह्यांच्या बदल्यात राजमा आला. मी राजम्याच्या बदल्यात खरबूज कापून पाठवलं. काल खरबुजाच्या बदल्यात खीर, बिनसाखरेची, खजुराची. आता मी काय करू? यातून सुटायचा मार्ग म्हणजे कुणीतरी एकाने उद्धटपणा करणं. आम्ही दोघंही चांगल्या घरचे, त्यामुळे हे पावसाळ्यापर्यंत चालणार.

शिबिरातली पोरं वाढतच चाललीत. चर्चची मुलं मूठभर, बाकी सगळी अख्ख्या मोहल्ल्याची. हॉलमध्ये मोठा कूलर आहे हे पसरलंय. मी पास्टरना म्हटलं, नावनोंदणी तरी करा, कुणीही आत येतं. ते म्हणाले, "हाँ जी, वही तो चाहते हैं।" अशा माणसाशी काय बोलणार?

मडकी रोज मीच भरतो. दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही.

२० मे, मंगळवार

डबा न्यायला आज स्वतः पास्टर आले. आत बसा म्हटलं, तर घाईत होते. निरोप देताना जे कुणीही म्हणेल तेच मी म्हणालो. "कभी आइए न घर। सब लोग आइए।" या ना कधी घरी! हे बोलायचं असतं. आपण म्हणायचं, त्यांनी "ज़रूर, ज़रूर" म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या घरी जाऊन सुखाने कूलरपुढे पडायचं. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय.

पास्टर "ज़रूर" म्हणाले. पण जरा जास्तच खूश दिसले.

२५ मे, रविवार

सत्यानाश!

दर शनिवारी संध्याकाळी या लोकांची कुणाच्या तरी घरी 'संगति' असते, म्हणजे भजनं, प्रार्थना आणि जेवण. आज चर्चमध्ये पास्टरनी जाहीर केलं की येत्या शनिवारची संगति जनार्दन जींच्या छतावर आहे, त्यांनी मोठ्या प्रेमाने सगळ्यांना बोलावलंय. लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. हे मधुजी मला प्याऊपाशी आनंदाने सांगत होत्या आणि माझ्या हातातलं ओगराळं पाण्यात पडलं.

मी म्हटलं, घरी बाईमाणूस नाही, मी एकटा. त्या म्हणाल्या, "हओ, तो हम लोग हैं न।" मी म्हटलं, भांडी नाहीत एवढी. त्या नुसत्या हसल्या. आता बोलावलंच नव्हतं म्हणून कसं सांगू? टाळ्या वाजवून झाल्यात.

घरी येऊन कमलिनीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि हसत सुटली. इतकी हसली की शर्वरीने फोन घेऊन विचारलं, बाबा, आईला काय सांगितलंत? मग कमलिनी परत आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काही म्हणजे काही करू नका. मधु सगळं बघेल." मधु! नुसतं मधु! मी म्हटलं, कशी काय बघेल, हे घर कुणाचं आहे?  त्यावर म्हणाली, "तुळशीला पाणी घालताय ना?"

माझ्यावर या बाईचा काडीचाही विश्वास नाही.

१ जून, रविवार

काल झालं एकदाचं. जसं घडलं तसं लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

ऊन कलल्यावर माणसं आली, थवेच्या थवे. "जय मसीह की, भाईसाहब" म्हणत बायका आत आल्या आणि कुणीही मला विचारलं नाही की जिना कुठे आहे. सरळ वर. एकीने जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराचा वरचा बोल्ट काढला. तो बोल्ट वर ढकलून मग ओढावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला कळायला अर्धा तास लागतो. मधुजींनी स्टूल घेतलं, न्हाणीघरावरच्या माळ्यावर चढल्या, माझ्या जुन्या फायलींमागे हात घातला आणि आमचं मोठं पातेलं काढलं. हे पातेलं शर्वरीच्या लग्नानंतर मी पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं ते हरवलं. ते चकचकीत होतं.

छतावर माणसं अशी बसली की जणू प्रत्येकाची जागा ठरलेली होती. टाकीजवळ म्हाताऱ्या, कठड्याला टेकून तरण्या. तुळशीशेजारी कमलिनीची वेताची खुर्ची होती. गर्दी इतकी झाली की मुलं एकमेकांच्या मांडीवर बसली, पण त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मी एका आजोबांना म्हटलं, बसा ना इथे. ते म्हणाले, "नहीं नहीं, ये तो दीदी की है।"

भजनं झाली, प्रार्थना झाली. पास्टरनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं, माझ्या मडक्यांचंही घेतलं. मग मधुजी मुलांना म्हणाल्या, "चलो, अब दीदी वाला सुना दो।" आणि पोरं गायला लागली.

मराठीत.

शर्वरी लहान असताना तिच्या केसांना तेल लावताना कमलिनी एक गाणं म्हणायची. काऊ, चिऊ, खोबरं, तेल असलं काहीतरी तिचं तिनेच जुळवलेलं. ते आमच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक असण्याचं कारण नाही. ते गाणं आमच्या मोहल्ल्याची पोरं, त्यातली निम्मी अनवाणी, ढोलकवर ठेका धरून म्हणत होती. एकालाही 'ळ' येत नाही. डोळे म्हणताना सगळे डोले म्हणत होते. मला राहवलं नाही. गाणं थांबवलं आणि जीभ मागे कशी वळवायची ते दाखवलं. मग सगळं छत डोळे, डोळे, डोळे करत बसलं. पास्टरसुद्धा.

जेवणं झाल्यावर मी मधुजींना आडबाजूला गाठलं. हे काय प्रकरण आहे, विचारलं. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. कित्येक वर्षं दर बुधवारी दुपारी बायकांची बैठक आमच्याच घरी व्हायची म्हणे. मी तेव्हा ऑफिसात. कुणाचं दुखलंखुपलं, कुणाच्या मुलीचं शिक्षण, पापड, कुरडया, सगळं इथेच. त्यांची प्रार्थना चालली की कमलिनी शेजारी बसून आपली जपमाळ ओढायची. पातेलं त्यासाठीच खाली यायचं आणि मी घरी यायच्या आत घासून पुसून परत वर जायचं.

"फिर आप रिटायर हो गए," मधुजी म्हणाल्या, "तो दीदी बोलीं, भीड़ से इनका सिर दुखता है, अब चर्च में ही बैठेंगे। तब से बुधवार को उधर ही आती हैं।"

बुधवारी ती भजनी मंडळात जाते, असं मला माहीत होतं. भजनी मंडळ कुठलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि एक स्पष्ट करतो. मी कधीही कुणाला येऊ नको म्हटलेलं नाही. गर्दीने डोकं दुखतं एवढंच म्हटलं होतं, आणि ते खरंच दुखतं.

काल मात्र दुखलं नाही. वारा होता म्हणून असेल.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. पातेलं पुसता पुसता मधुजींनी विचारलं, "तो आप लोग पुणे कब जा रहे हैं? दीदी तो जाने से पहले सबसे मिल के गईं। एक-एक के घर। बहुत रोईं उस दिन। हमने कहा, अरे, अभी तो वापस आओगी। बोलीं, हाँ, सामान बाँधने।"

मी म्हटलं, असं का. आणि पातेलं माळ्यावर ठेवायला घेतलं, पण माळा मला दिसेना. ते तसंच ओट्यावर ठेवलं.

धूळ गेली म्हणाली होती.

३ जून, मंगळवार

सकाळी प्याऊवर गेलो, मडकी भरली आणि एका रिक्षावाल्याला ओगराळं तोंडाला लावतो म्हणून झापलं. घरी आलो तरी चैन पडेना. सरळ फोन लावला. म्हटलं, कमलिनी, तुला पुण्याला राहायला जायचंय की नाही?

"तुमची इच्छा आहे ना."

"माझी नाही, तुझी विचारतोय."

"माझं काय? शर्वरी आहे, बाळ आहे. चांगलंच आहे की."

"मी चांगलं-वाईट विचारत नाहीये. पाहिजे की नको?"

 मग म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत." आणि लगेच, "बाळ उठलं वाटतं, ठेवते."

बाळ उठलेलं नव्हतं. उठतं तेव्हा आरोळी इथवर ऐकू येते. ही काय उत्तर द्यायची पद्धत झाली? ऑफिसात कुणी अशी टिपणी लिहिली असती तर मी फाईल परत पाठवली असती. मला राग आला आणि वाईटही वाटलं. जास्त कुठलं, ते ठरवता येत नाही.

११ जून, बुधवार

दुपारी चर्चमध्ये बायकांची बैठक होती. मला काही कारण नव्हतं जायचं. मडक्यांची झाकणं मोजायला म्हणून गेलो, तर खिडकीतून आत दिसलं. गोल करून बसल्या होत्या, कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मधुजींच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर नुसती उशी. निळ्या अभ्र्याची, आमच्या घरातली. ही उशी कुठे गेली म्हणून मी मागच्या दिवाळीत केवढा तमाशा केला होता.

मधुजींनी मला पाहिलं आणि हाक मारली. मी आत गेलो नाही. पण उशीही मागितली नाही.

१४ जून, शनिवार

केयूरचा फोन. मालक घाई करतोय, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय सांगू? मी म्हटलं, नको म्हणून सांग.

"बाबा, पण तुम्हालाच तर हवा होता!"

"हवा होता. आता नकोय."

"काही झालंय का तिकडे? तब्येत बरी आहे ना?"

जावयाला काय सांगणार? म्हटलं, अरे, इथे प्याऊ माझ्याकडे आहे. पाऊस पडेपर्यंत तरी हलता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात शिबिराची व्यवस्था मीच बघावी असं पास्टरचं म्हणणं आहे, कारण यांना नावनोंदणी जमत नाही. शिवाय मुलांचा 'ळ' अर्धवट राहिलाय. तो म्हणाला, कसला ळ? मी म्हटलं, ते असू दे. आणि आईला सांगू नकोस, ती उगाच "बघू" म्हणेल.

 मराठीत घासाघीस करायची फार हौस होती मला. ती गेलीच म्हणायची. दुधीला इथे लौकीच म्हणत राहायचं.

२२ जून, रविवार

कमलिनी काल आली. गाडी अर्थातच उशिरा. फलाटावर उतरली ती वाळलेली दिसली. हातात पिशव्या, बाकरवडी, लोणचं आणि एक भली मोठी रिकामी बॅग. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "आवराआवरीला लागेल ना." मी ती उचलली आणि चालायला लागलो. रिक्षात सगळा वेळ ती बाहेरच बघत होती, एकेक दुकान पाठ करत असल्यासारखी. चर्चच्या कोपऱ्यावर वळताना तिने मडकी पाहिली. "निंबाखाली कुणी लावली हो? छान केलं," म्हणाली. मी म्हटलं, असेल कुणीतरी.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थबकली. ओट्यावर मोठं पातेलं होतं. तीन आठवडे मी ते माळ्यावर ठेवलंच नव्हतं. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"हे खाली कुणी काढलं?"

"तुझ्या मधुने."

"मग परत वर नाही ठेवलं?"

"सारखं वरखाली कोण करणार? माझे गुडघे दुखतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात बघत होतो. मग तिने हळूच विचारलं, "त्यांना काही बोलला नाहीत ना हो तुम्ही? डोकंबिकं दुखतं म्हणून?"

"बोललो," मी म्हटलं. "बुधवारी दुपारी इथेच या, असं सांगून आलोय. सगळ्याजणी. आणि आमची निळी उशी घेऊन या."

"अहो, तसं आपण नुसतं म्हणतो..."

"नुसतं नाही म्हटलं. वेळही सांगितली."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि चहाचं आधण तसंच उकळत ठेवून ओट्याशी उभी राहिली. घरात वारा नव्हता, दारंखिडक्या बंद होत्या, कूलर बाहेरच्या खोलीत चालू होता. मी उठून गॅस बंद केला आणि ती रिकामी बॅग माळ्यावर, पातेल्याच्या जागी, ठेवून दिली.